सतरा वर्षांचं ‘मूव्ह ऑन’

मित्र गेला तर ऑफिसात त्याची वेगळी रजा मिळत नाही. मग एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज कवीनं आपल्या मित्रासाठी सतरा वर्षं काय केलं? कॉलेजात दहा मार्कांपुरत्या वाचलेल्या व्हिक्टोरियन कवितेकडे पुन्हा एकदा, या वेळी परीक्षेशिवाय...

ऑफिसच्या लीव्ह पोर्टलवर एक ड्रॉपडाउन असतो. बघितलाय कधी? बघायची वेळ येऊ नये, पण सांगून ठेवते. घरातलं कुणी गेलं की त्याची वेगळी रजा असते आणि ती टाकताना ‘गेलेल्या व्यक्तीशी नातं’ निवडावं लागतं. आई, वडील, नवरा-बायको, मूल, भाऊ-बहीण, सासू-सासरे. संपली यादी.

तीन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका मंगळवारी रात्री मी ती यादी वर-खाली करत बसले होते. ‘मित्र’ त्यात नव्हता. शेवटी दोन दिवसांची कॅज्युअल लीव्ह टाकली. कॅज्युअल! आजही तो शब्द आठवला की कसंतरी होतं.

तो आमच्या मास कॉमच्या बॅचचा. त्याचं नाव इथं देत नाही, कारण काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं ‘नाव नको गं’ म्हटलंय. पंचविसाव्या वर्षी, पावसात, बाइकवरून घरी येताना. एवढं पुरे. त्याच संध्याकाळी सात वाजता त्याचा मला फोन आला होता. माझी डेडलाइन होती. मी कट केला आणि ‘नंतर करते’ असा मेसेज टाकला. त्यानं तो वाचला. दोन निळ्या टिका अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

शुक्रवारी कामावर गेले. बॉस तसा चांगला माणूस. जवळ येऊन म्हणाला, ‘ठीक आहेस ना? टेक केअर हां. अकराला कॉल आहे.’ ऑगस्ट उजाडेपर्यंत बाकीच्यांचंही सुरू झालं. ‘मूव्ह ऑन, यार.’ ‘अगं, तुम्ही काही कपल नव्हता ना?’ नव्हतो. म्हणूनच तर पंचाईत. गर्लफ्रेंड असते तर लोकांना निदान माझ्याशी कसं वागायचं ते कळलं असतं. मी ‘फक्त मैत्रीण’ होते. आणि फक्त मैत्रिणीनं किती दिवस रडायचं, हे कुणीच ठरवून ठेवलेलं नाही.

दहा मार्कांची शॉर्ट नोट

मग दिवाळीची साफसफाई निघाली. आईनं मला माळ्यावर चढवलं. ‘तुझी ती कॉलेजची रद्दी एकदाची काढ.’ मी बी.ए.ला इंग्लिश लिटरेचर घेतलं होतं, म्हणजे खरं सांगायचं तर गाइड घेतलं होतं. व्हिक्टोरियन पोएट्रीचा अख्खा पेपर आमच्या वर्गानं गाइडवर काढला. खोक्यातलं टेक्स्टबुक उघडलं ते नेमकं टेनिसनच्या ‘इन मेमोरियम’वर. समासात माझ्याच अक्षरात, हिरव्या पेनानं: ‘व्हेरी इम्पॉर्टंट. शॉर्ट नोट. १० मार्क्स.’

शिडीवर बसल्या बसल्या एक तुकडा वाचला. बाराच ओळी. एक माणूस आहे. त्याला झोप लागत नाही, म्हणून पहाटे उठून तो लंडनमधल्या एका रस्त्यावर जातो आणि मित्राच्या घराच्या बंद दारापुढे उभा राहतो. मित्र आता त्या घरात नाही, कुठल्याच घरात नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. भुरभुर पाऊस आहे. लांबून शहर जागं झाल्याचा आवाज यायला लागतो आणि ते उजाडणंही त्याला नकोसं होतं. बस, एवढंच.

मी बराच वेळ शिडीवरून उतरले नाही. कारण आदल्याच आठवड्यात मी काही काम नसताना रिक्षा कोथरूडला वळवून त्याच्या सोसायटीवरून गेले होते. रिक्षावाल्या काकांना म्हटलं होतं, ‘इथं जरा हळू घ्या.’ हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार काय? आणि इथं हा सिलॅबसमधला दाढीवाला आजोबा नेमकं तेच करून बसला होता.

फक्त तेव्हा तो आजोबा नव्हता. मित्र गेला तेव्हा टेनिसन चोवीस वर्षांचा होता.

व्हिएन्नाहून आलेली बातमी

आल्फ्रेड टेनिसन आणि आर्थर हेन्री हॅलम यांची गट्टी जमली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात, १८२९ च्या सुमारास. हॅलम म्हणजे बॅचचा स्टार. हुशार, बोलका, सगळ्यांचा लाडका. टेनिसन लाजाळू, त्यात घरी वडिलांचं दारूचं व्यसन. हॅलमनं या मित्राच्या कवितांवर विश्वास टाकला. १८३१ मध्ये त्यांच्यावर भरभरून परीक्षण लिहिलं. पुढे टेनिसनच्या बहिणीशी, एमिलीशी त्याचं लग्नही ठरलं. मित्राचा मेहुणा होणार, अजून काय पाहिजे?

१८३३ च्या उन्हाळ्यात हॅलम वडिलांबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेला. १५ सप्टेंबरला व्हिएन्नात वडील बाहेरून हॉटेलवर परतले, तेव्हा तो सोफ्यावर झोपल्यासारखा दिसत होता. मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला होता. वय बावीस. टेनिसनच्या घरी हे कळवणारं पत्र पोचायला दोन आठवडे लागले. मृतदेह समुद्रमार्गे इंग्लंडला आणला आणि जानेवारी १८३४ मध्ये समरसेट परगण्यातल्या क्लीव्हडनच्या चर्चमध्ये दफन केलं. टेनिसन त्या वेळी तिथं नव्हता.

त्यानं त्याच हिवाळ्यात कवितांचे छोटे छोटे तुकडे लिहायला घेतले. याचं पुस्तक वगैरे करायचं डोक्यात नव्हतं. खाटिकाच्या हिशेबाची असते तशा लांबट वहीत, जमेल तसं लिहीत गेला. एकदा तर ही वही भाड्याच्या खोलीतल्या कपाटातच विसरून आला. त्याच्या कवी मित्रानं, कॉव्हेंट्री पॅटमोरनं, तिथं जाऊन ती परत मिळवली. ती सापडली नसती तर आमचे दहा मार्क गेले असते!

असं करत करत पुस्तक निघालं १८५० मध्ये. सतरा वर्षं. क्रमांक दिलेले १३१ भाग, शिवाय सुरुवातीची आणि शेवटची कविता वेगळी. कवीचं नाव नाही, मित्राची फक्त आद्याक्षरं: ए. एच. एच. सांगतात, की हे निनावी पुस्तक वाचून एका परीक्षकाला वाटलं, कुणा सैनिकाच्या विधवेनं लिहिलंय. आणि कवीचं नाव कळल्यावर १८५१ मध्ये ‘टाइम्स’मधल्या परीक्षणानं नाक मुरडलं: एका पुरुषानं पुरुष मित्रासाठी इतकं हळवं व्हावं? म्हणजे ‘तुम्ही काही कपल नव्हता ना’ हा प्रश्न तेव्हाही होता, बॉस.

गंमत अशी, की प्रेम करून गमावण्याबद्दलची जी जगप्रसिद्ध ओळ लोक ब्रेकअप झाल्यावर स्टेटसला टाकतात, ती याच कवितेतली. ब्रेकअपशी तिचा काही संबंध नाही. ती मित्रासाठी आहे.

सतरा वर्षं हा माणूस नुसता रडत होता का? अजिबात नाही. या काळात त्याची दुसरी पुस्तकं आली, नाव झालं, प्रेम झालं. १८५० च्या जूनमध्ये त्यानं लग्न केलं, नोव्हेंबरात तो राजकवी झाला. लग्नानंतरच्या प्रवासात बायकोला घेऊन तो क्लीव्हडनला हॅलमच्या थडग्यापाशी गेला. १८५२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं हॅलम. आयुष्य पुढे गेलं आणि मित्रही बरोबर आला. ‘मूव्ह ऑन’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यात हे दोन वेगवेगळे रस्ते असतात.

कवितेत तीन ख्रिसमस येतात. पहिल्याला घरातले सगळे उसनं हसतात. दुसऱ्याला खेळ रंगतात, कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसत नाही आणि कवीलाच धस्स होतं, की दुःख कमी झालं की काय? तिसऱ्याला घरच बदललंय, चर्चच्या घंटांचा आवाजही ओळखीचा नाही. ख्रिसमसच्या जागी दिवाळी घाला. पहिल्या वर्षी आमच्या ग्रुपचा फराळ झालाच नाही. दुसऱ्या वर्षी झाला, सगळे खूप हसलो आणि घरी आल्यावर मला चोरासारखं वाटलं. तिसऱ्या वर्षी दोघं बेंगळुरूला, एक कॅनडात. व्हिडिओ कॉलवर फराळ!

काळ्या कपड्यांचं टाइमटेबल

आपल्या व्हीटी स्टेशनला जिचं नाव होतं, ती राणी व्हिक्टोरिया. तिचा नवरा अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ ला गेला. दोघंही बेचाळीस वर्षांची. त्यानंतर १९०१ मध्ये स्वतः जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं, तिनं काळे कपडे घातले. या काळात बायबलच्या खालोखाल तिला आधार वाटला तो ‘इन मेमोरियम’चा. १८६२ मध्ये तिनं टेनिसनला आपल्या ऑस्बर्न हाउसला बोलावून घेतलं. एवढी सम्राज्ञी, पण तिला बोलायचं होतं ते दुःख समजणाऱ्या माणसाशी.

राणीनं काळं घातल्यावर सगळ्या देशानं मनावर घेतलं. शोक हा तिथं मोठा धंदाच झाला. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर तर १८४१ पासूनच शोकाच्या कपड्यांचं खास दुकान होतं. काळ्या किनारीचे लेटरहेड, व्हिटबीच्या काळ्या जेट दगडाचे दागिने, गेलेल्या माणसाच्या केसांचे ब्रोच. आणि शिष्टाचाराच्या पुस्तकांत टाइमटेबल: विधवेनं दोन वर्षं किंवा जास्त, आईवडिलांसाठी साधारण वर्षभर, भावंडांसाठी सहा महिने. सगळं रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यावर बेतलेलं. हसू नका. आपलं सुतक तरी वेगळं काय आहे? भाऊबंदांना दहा दिवस, आणि रोज रात्री दोन वाजेपर्यंत ज्याच्याशी बोलायचो त्या दोस्ताला शून्य. त्याच्या दहाव्याला मी वैकुंठावर सगळ्यांच्या मागे उभी होते. पुढे नातेवाईक. ते बरोबरच आहे, तक्रार नाही. पण मी कोण, हे मला तिथं कळेना.

मला वाटतं, या कवितांचं खरं काम इथं सुरू होतं. जे दुःख टाइमटेबलमध्ये बसत नाही, ते कवितेत जाऊन बसतं. मित्राचं. नीट न पटलेल्या बायकोचं. किंवा अजून न आलेल्या, स्वतःच्याच मरणाचं.

त्याच रस्त्यावर, एक प्रेमप्रकरण

‘सगळं मरणाचंच काय सांगतेस?’ म्हणाल. थांबा. टेनिसन ज्या रस्त्यावर उभा होता तो विम्पोल स्ट्रीट. हॅलमचं घर ६७ नंबरचं. त्याच रस्त्यावर पुढे काही वर्षांनी ५० नंबरमध्ये एलिझाबेथ बॅरेट राहायला आली. नावाजलेली कवयित्री, पण कायम आजारी, खोलीत बंद. त्यात १८४० मध्ये तिचा लाडका भाऊ समुद्रात बुडाला आणि ती पार कोसळली.

जानेवारी १८४५ मध्ये तिला रॉबर्ट ब्राउनिंग या कवीचं पत्र आलं. तुमच्या कविता आवडतात, आणि तुम्हीही! तिच्याहून सहा वर्षांनी लहान. दीड-पावणेदोन वर्षांत दोघांनी मिळून पाचशेच्यावर पत्रं लिहिली. वडिलांना मुलांपैकी कुणाचंच लग्न मान्य नव्हतं. सप्टेंबर १८४६ मध्ये दोघांनी चोरून लग्न केलं आणि इटली गाठली. वडिलांनी तिला शेवटपर्यंत माफ केलं नाही, तिची पत्रंही न उघडता परत पाठवली.

या दिवसांत तिनं गुपचूप ४४ सुनीतं लिहिली. नवऱ्याला दाखवली तीसुद्धा लग्नानंतर तीनेक वर्षांनी. १८५० मध्ये ती छापली, तेव्हा भाषांतर वाटावं म्हणून नाव दिलं ‘सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज’. त्यातलं एक आज निम्म्या जगाच्या लग्नात वाचतात. पण पहिलं वाचलंय? तिथं कुणीतरी मागून येऊन तिला धरतं. तिला वाटतं, हे मरण. ते असतं प्रेम. ज्या बाईनं भाऊ गमावून दार लावून घेतलं होतं, तिनंच हे लिहिलं. प्रेम आणि शोक या लोकांच्या घरात एकाच दारानं ये-जा करायचे.

शवपेटीतली वही

आता हायगेट. उत्तर लंडनमधलं गाजलेलं कब्रस्तान. चित्रकार-कवी डांटे गॅब्रिएल रोझेटी याची बायको एलिझाबेथ सिडल, म्हणजे लिझी, इथं आहे. मिले या चित्रकाराच्या ‘ओफेलिया’ चित्रात पाण्यावर तरंगणारी मुलगी आठवते? ती हीच. ते चित्र काढताना तिला पाण्यानं भरलेल्या टबात तासन्‌तास पडून राहावं लागलं आणि ती सणकून आजारी पडली. ती स्वतः चित्रं काढायची, कविताही करायची. पण लक्षात राहिली मॉडेल म्हणून.

दोघांचं लग्न १८६० मध्ये झालं. पुढल्या वर्षी मूल मृत जन्माला आलं. फेब्रुवारी १८६२ मध्ये लॉडनम या अफूच्या औषधाच्या जादा डोसानं लिझी गेली. रोझेटीनं आपल्या अप्रकाशित कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली. दुसरी प्रत नाही. कसला सॉलिड जेश्चर!

आणि मग? साडेसात वर्षांनी त्याला त्या कविता परत हव्याशा वाटल्या. ऑक्टोबर १८६९ मध्ये रीतसर सरकारी परवानगी काढून, रात्रीच्या वेळी कबर उघडली. तो स्वतः गेला नाही, दुसऱ्यांना पाठवलं. वही निघाली, पण किड्यानं पानं भोकं पाडून खाल्लेली. ती जंतुनाशक लावून वाळवावी लागली. १८७० मध्ये ‘पोएम्स’ छापून आलं.

आधी मला याचा जाम राग यायचा. आता इतका येत नाही. शोकात आपण भलतीसलती वचनं देऊन बसतो. ‘मी आता कधीच ट्रेकला जाणार नाही’ असं मीही म्हटलं होतं. दीड वर्षांनी राजगडावर होते. वचन मोडलं म्हणून प्रेम खोटं होत नाही. फक्त, आधी इतका मोठा सीन करू नये!

सोमवार, ७ मार्च

कॅलेंडरच्या हिशेबानं व्हिक्टोरियन काळ १९०१ ला संपला. पण टॉमस हार्डी १८४० चा, म्हणजे त्याच मातीतला. ७ मार्च १८७० ला, एका सोमवारी, तरुण आर्किटेक्ट म्हणून चर्चच्या दुरुस्तीच्या कामासाठी तो कॉर्नवॉलमधल्या एका खेड्यात पोचला आणि दार उघडलं एमा गिफर्डनं. १८७४ मध्ये लग्न. हार्डी मोठा कादंबरीकार झाला आणि संसार थंड पडत गेला. शेवटी शेवटी एमा त्याच घराच्या माळ्यावरच्या खोल्यांत राहायची. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं.

२७ नोव्हेंबर १९१२ ला एमा अचानक गेली. निरोप नाही, काही नाही. आणि बहात्तर वर्षांच्या हार्डीला प्रेमाचा झटका आला. जिच्याशी वर्षानुवर्षं धड बोलला नव्हता, तिच्यावर कवितांमागून कविता. मार्च १९१३ मध्ये तो पुन्हा कॉर्नवॉलला गेला, दोघं जिथं हिंडली होती त्या कड्यांवर एकटा फिरला. या कविता १९१४ मध्ये ‘पोएम्स ऑफ १९१२-१३’ या नावाच्या गटात छापल्या. त्याच वर्षी त्यानं दुसरं लग्नही केलं होतं. नव्या बायकोची अवस्था विचारू नका. टेबलावरचं कॅलेंडर मात्र त्यानं सोमवार, ७ मार्चवर लावून ठेवलं.

या कवितांत तो स्वतःला सूट देत नाही. तू सांगून का नाही गेलीस, असं चिडून विचारतो आणि मग कबूल करतो, की जिवंतपणी बोलायला भरपूर वेळ होता. मी ‘नंतर करते’ लिहिलं होतं. त्याच्याकडे अडतीस वर्षांचं ‘नंतर’ साचलेलं होतं. वाचून बरं वाटलं असं नाही म्हणणार. पण सोबत वाटली. काही गोष्टी दुरुस्त होत नाहीत. त्या नीट, खऱ्या खऱ्या सांगता येतात, इतकंच.

विसरायची परवानगी

शेवटी ठेवलीय ती माझी फेवरिट. क्रिस्टिना रोझेटी, त्या वहीवाल्याची धाकटी बहीण. १८४९ मध्ये, अठराव्या वर्षी तिनं ‘रिमेंबर’ हे सुनीत लिहिलं. १८६२ मध्ये, म्हणजे लिझी गेली त्याच वर्षी, ते पुस्तकात आलं. (सॉनेट मराठीत आणलं केशवसुतांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पुढे त्याला सुनीत म्हणायला लागले. चौदा ओळी आणि मध्ये कुठेतरी घेतलेलं वळण, हे आपण याच इंग्रजी शाळेत शिकलो.)

अठरा वर्षांची मुलगी आपल्या माणसाला सांगतेय: मी गेल्यावर माझी आठवण ठेव. आठ ओळी हेच, परत परत. इथपर्यंत आपल्याला माहीत असलेलीच कविता. आणि मग ते वळण येतं. ती म्हणते, मध्ये कधी विसरलास आणि नंतर अचानक आठवलं, तर वाईट वाटून घेऊ नकोस. आठवून तुला त्रास होणार असेल, तर विसरून हसलेला मला चालेल.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. कारण त्या सुमारास मला छळत होतं ते दुःख नव्हतंच. पहिल्या वर्षी तो रोज आठवायचा. मग दिवसाआड. मग एकदा लक्षात आलं, की अख्खा आठवडा गेला आणि तो डोक्यात आलाच नाही. त्या रात्री मला स्वतःची इतकी चीड आली! टेनिसनला दुसऱ्या ख्रिसमसला धस्स झालं होतं ते हेच. आणि त्यावरचं उत्तर त्याच्या पुस्तकाच्या एक वर्ष आधीच या मुलीनं लिहून ठेवलं होतं. तेसुद्धा जाणाऱ्याच्या बाजूनं. मागे राहणाऱ्यानं स्वतःला कितीही समजावलं तरी पटत नाही. जाणाऱ्यानं ‘चालेल रे’ म्हटलं की पटतं.

क्रिस्टिनाचं लग्न झालं नाही. पहिला साखरपुडा १८५० मध्ये धर्माच्या कारणावरून मोडला. १८६६ मध्ये दुसऱ्या एकाला तिनं स्वतःच नाही म्हटलं, मैत्री मात्र त्याच्या मरणापर्यंत ठेवली. १८९४ मध्ये ती गेली आणि हायगेटला तिला पुरलं ते त्याच कौटुंबिक कबरीत, जी वहीसाठी उघडली होती. भाऊ तिथं नाही. तो दूर, केंट परगण्यात समुद्रकाठच्या एका गावात. आठवणीचा मोठा सीन करणारा एकीकडे, विसरायची परवानगी देणारी दुसरीकडे.

यंदा त्याच्या वाढदिवसाला मी काकूंना फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर एकदाचं बोलून टाकलं. ‘काकू, मधे आठवडाभर मला त्याची आठवणच नाही आली.’ पलीकडे क्षणभर शांत. मग काकू हसल्या. म्हणाल्या, ‘अगं, मग काय झालं? त्याला तरी कधी कुणाचे वाढदिवस लक्षात राहायचे?’

मग आम्ही दोघी खूप हसलो. आणि मग जे व्हायचं ते झालंच.

त्या ‘नंतर करते’चं काय? ते तसंच आहे. डिलीट केलं नाही. पण आता डेडलाइन असली तरी फोन उचलते. ‘दोन मिनिटं बोल, मग ठेवते’ म्हणते. सांगायला लाज वाटते, पण एवढा साधा बदल करायला मला चार मेलेले कवी लागले.

आणि तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधलं कुणी दोन दिवसांची कॅज्युअल लीव्ह संपवून, जरा जास्तच शांतपणे येऊन बसलं असेल, तर ‘कोण होतं तुझं?’ असं विचारू नका. ‘कसा होता?’ विचारा. अकराचा कॉल साडेअकराला घेतला तरी चालतो.

सुरुवात कुठून कराल?

या कविता इतक्या जुन्या आहेत, की कॉपीराइट कधीच संपलाय. फुकट वाचायला मिळतात. फक्त गाइड घेऊ नका!

* लोकल पकडायच्या आत: क्रिस्टिना रोझेटीचं ‘रिमेंबर’. चौदा ओळी, सोपे शब्द. दोनदा वाचा. दुसऱ्यांदा नवव्या ओळीपाशी जरा थांबा.
* चहा होईपर्यंत: ‘इन मेमोरियम’चा सातवा भाग. बंद दाराचा. मग जमलं तर २८, ७८ आणि १०४ हे ख्रिसमसचे भाग. सगळे १३१ एका दमात वाचायला जाऊ नका. त्यानं सतरा वर्षं घेतली, तुम्ही निदान सतरा दिवस घ्या.
* रविवारी दुपारी: हार्डीच्या १९१२-१३ च्या कविता. ‘द गोइंग’ आणि ‘द व्हॉइस’पासून सुरू करा. वाचून झाल्यावर ज्याला फोन करायचा राहिलाय, त्याला करा.
* प्रेमात असाल तर: एलिझाबेथची सुनीतं, पण पहिल्यापासून. थेट लग्नातल्या सुनीतावर उडी मारू नका.
* लंडनला गेलात तर: हायगेटच्या पश्चिम भागात रोझेटींची कबर आहे. तिकीट लागतं. कार्ल मार्क्स पूर्व भागात, तोही बघून या. आणि विम्पोल स्ट्रीटवरून एकदा सावकाश चाला.